खुनाच्या टेबलावरचं खोडरबर

आठच्या मालिकेत एकदा बुद्धिबळाचा मास्तर खुनी निघाला आणि दुसऱ्याच दिवशी शाळेतले सगळे पट कपाटात गेले. कुलूप मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने लावलं. त्याआधी एका भागात पोहण्याच्या तलावात प्रेत सापडलं होतं, तेव्हा पोहण्याच्या तासाला मुलं महिनाभर काठावर बसून कोरडे हातपाय मारत होती. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, तशा वाईट नव्हत्या हो. गणित असं शिकवायच्या की दगडालाही दशांश कळावेत. पण दर सोमवारी आठ वाजता त्या टीव्हीसमोर बसायच्या आणि मंगळवारी सकाळी शाळेत नवा नियम जन्माला यायचा. त्यामुळे सोमवारी अख्खी शाळा ती मालिका बघायची. करमणूक म्हणून नाही, उद्या आपलं काय बंद होणार ते आधी कळावं म्हणून.

याच शाळेच्या ग्रंथालयात, अगदी मागे, नकाशांच्या कपाटापाशी एक लंगडं टेबल होतं. गुरुवारी शाळा सुटली की दीड तास ते तिघांचं. एक वकील, म्हणजे कुठल्याही नियमात फट शोधून त्यातून हत्ती बाहेर काढणारा मुलगा. दुसरी काडी, ती नावासारखीच, पण तिची पेन्सिल मात्र जाडजूड, कारण नकाशे तीच काढायची. आणि तिसरी मुकादम. ही आपली नायिका.

मुकादम हे नाव तिला खेळाने दिलं. खेळ साधा होता. टेबलाभोवती बसायचं. एकीने गोष्ट सांगायची: समोर दरी आहे, पलीकडे दिवा दिसतोय. बाकीच्यांनी आपापलं पात्र घ्यायचं, कोणी चोर, कोणी वैद्य, आणि 'मी आता असं करतो' म्हणून सांगायचं. ते जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं. एक आला तर बोंबला! गोष्ट सांगणारी आणि सगळ्यांना कामाला लावणारी ती मुकादम. दोन वर्षांपूर्वी हजेरीला 'हजर' म्हणताना या मुलीचा आवाज बाकाखाली घरंगळायचा. आता तीच राक्षस झाली की ग्रंथपाल मान वर करून म्हणायचे, "राक्षसाला म्हणावं, जरा हळू."

एका रविवारी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आणि नेमकी त्याच आठच्या मालिकेत कामाला.

"अगं, तुमचा तो खेळ येतोय आमच्या मालिकेत," मावशी म्हणाली. "आमच्या सामानवाल्याने फासे आणलेत, ते सापशिडीचे. तुझ्याकडे आहेत ना, ते पुष्कळ तोंडांचे? शनिवारी घेऊन येशील? तूच ये. फासे मांडायला, उचलायला कोणीतरी जाणतं हवं."

मुकादमला आधी गुदगुल्या झाल्या. मग मंगळवार आठवला. गुरुवारी टेबलावर तिने ही बातमी सांगितली तेव्हा वकिलाने डोळेच मिटून घेतले.

"संपलं," तो म्हणाला. "आठच्या मालिकेत आपला खेळ? सोमवारी दाखवणार, मंगळवारी आपलं टेबल कपाटात."

"टेबल कपाटात कसं मावेल?" काडीने विचारलं.

"मोठ्या बाई टेबल मावेल एवढं कपाट आणतील. तू त्यांना ओळखत नाहीस."

"अरे, पण मी असणारच आहे ना तिथे," मुकादम म्हणाली. "मी सांगेन त्यांना खरा खेळ कसा असतो ते."

"तू तिथे फासे उचलणारी. हमालाला कोणी विचारतं का, की बाबा रे, राजवाडा कसा बांधू?"

"मी विचारायची वाट बघणार नाही," मुकादम ठसक्यात म्हणाली. पण म्हणताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. या टेबलावर ती बोलायला शिकली होती. दुसरं टेबल मिळेलही, पण ती बोलेल का तिथे, कोण जाणे.

शनिवारी सकाळी एका जुन्या कारखान्याच्या पोटात तिला एक खोली दिसली. तीन भिंतींची. चौथीच्या जागी कॅमेरे, वायरी आणि तीस माणसं. खोलीत मध्ये टेबल, टेबलावर कवटी, कवटीभोवती चौदा मेणबत्त्या आणि खुर्च्यांवर काळे झगे वाळत घातल्यासारखे.

"हे काय आहे?" तिने मावशीला विचारलं.

"तुमचा खेळ."

"आमचा?"

"अगं, टीव्हीवरचा."

मावशीचं काम मोठं मजेशीर होतं. एका शॉटमध्ये पेला अर्धा असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच हवा. नाहीतर प्रेक्षक म्हणणार, पाणी प्यायलं कोण, भूत? म्हणून मावशी प्रत्येक वस्तूचा फोटो काढायची, पट्टीने मापं घ्यायची आणि वहीत टिपायची. कोणाची बाही किती दुमडलेली, कोणाचं बटण उघडं. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी आल्यावरही ती आईला म्हणायची, "ताई, मघाशी तुझ्या डाव्या हातात चमचा होता."

दिग्दर्शक सतत गोळ्या चघळायचा. त्याने मुकादमला प्रसंग समजावला तो असा: तिघं जण खेळता खेळता वेडे होत चाललेत. म्हातारा घड्याळजी फासा टाकतो. एक येतो. खेळात त्याचं पात्र मरतं. तो "नाही! नाही!" करत कोसळतो आणि सकाळी खरोखरच मेलेला सापडतो.

"कशाने?" मुकादमने विचारलं.

"ते तुला सोमवारी कळेल. आज फक्त ही चार पानं."

"पण सर, खेळताना असं कोणी ओरडत नाही. झगे घालून नकाशा काढताच येत नाही, बाही शाईत बुडते. आणि टेबलावर पेन्सिली कुठायत? खोडरबर कुठाय? आमचा अर्धा वेळ खोडण्यात जातो."

दिग्दर्शकाने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बाळ, खोडरबर दाखवून खून होत नाही."

झालं. राजवाड्याचा प्रश्न निकालात निघाला. मुकादम मुकाट्याने आपल्या कामाला लागली. काम काय, तर म्हाताऱ्याने टाकलेला फासा खाली घरंगळला की टेबलाखाली शिरायचं, तो शोधायचा आणि परत त्याच्या हातात ठेवायचा. सध्या कॅमेरा नुसत्या चेहऱ्यांवर होता. फाशावर एक दाखवणारा शॉट नंतर वेगळा घ्यायचा होता. त्यामुळे खरा आकडा काय पडतो याची कोणालाच फिकीर नव्हती. म्हाताऱ्याला सोळा पडले तरी तो मरायचा, एकोणीस पडले तरी मरायचा. टेबलाखाली रांगणाऱ्या मुकादमच्या जिवाला तेवढं लागत होतं. अरे, एकोणिसाला कोणी मरतं का!

सात वेळा म्हातारा मेला आणि मेणबत्त्या संपल्या.

त्याचं असं होतं, की मावशीच्या वहीत मेणबत्तीचं माप होतं चार बोटं. प्रत्येक खेपेला त्या जळून तीन बोटांच्या व्हायच्या, मग त्या काढून चार बोटांच्या दुसऱ्या लावायच्या. चौदा मेणबत्त्या गुणिले सात. सामानवाल्याने डोक्याला हात लावला आणि तो बाजारात पळाला. सगळ्यांना तासभर सुट्टी मिळाली.

घड्याळजी झालेल्या नटाला सेटवर सगळे नाना म्हणायचे. तो झगा खुर्चीवर टाकून मुकादमपाशी आला.

"पोरी, एक विचारू? या खेळात मी नक्की करतो काय? कागदावर नुसतं 'नाही! नाही!' लिहिलंय. कशाला नाही?"

"तेच तर मला कळत नाहीये, नाना."

"मग तुमच्यात काय करतात?"

आता हा प्रश्न म्हणजे तहानलेल्याला विहीर दाखवण्यासारखा होता. पाच मिनिटांत मुकादमच्या दप्तरातून कागद, चार पेन्सिली आणि काडीने अर्धं कुरतडलेलं खोडरबर टेबलावर आलं. कवटी बाजूला सरकली. खोट्या दाढीचा एक उंच नट आणि नर्सची भूमिका करणारी एक नटीही येऊन बसली.

"नाना, तुम्ही कोण होणार? राजा, योद्धा, जादूगार, काहीही."

नानाने विचार केला. "मला म्हातारी व्हायचंय. चाळीस वर्षं आजोबाच करतोय मी. कपडे धुणारी म्हातारी, भांडखोर. आणि तिचं एक गाढव."

"गाढव कसं आहे?"

"माझ्या धाकट्या भावासारखं. चांगलं आहे, पण ऐकत नाही."

दाढीवाला चोर झाला, नटी पहाडाएवढी लोहारीण. मुकादमने आवाज खाली आणला. "तुमच्यासमोर खोल दरी आहे. वर दोराचा पूल. मागून शिपाई येतायत, त्यांच्या घोड्यांच्या टापा ऐकू येतात. तुम्ही काय करता?"

"पळतो," चोर म्हणाला.

"आणि माझं गाढव?" नाना कडाडला.

"गाढवाला ठेवा इथेच, म्हातारबाई!"

"तुझ्या तोंडात माती! बारा वर्षं धुणं वाहिलंय त्याने माझं. तू काय वाहिलंस?"

पुढची चाळीस मिनिटं गाढवावर भांडण्यात गेली. लोहारीण म्हणाली, मी त्याला खांद्यावर घेते. फासा टाकला, चार पडले. गाढवाने तिला लाथ मारली. चोर म्हणाला, मी त्याच्यापुढे गवत धरून उलटा चालतो. गवत आहे का तुझ्याकडे? नाही. मग गवत आणायला गेला, तो तिकडेच अडकला. नाना पेन्सिलीने लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा. नीट दिसावं म्हणून त्याने खिशातला स्वतःचा चष्माही काढून डोळ्यांवर चढवला. कॅमेरावाला आधी लांब उभा होता, मग जवळ आला, मग म्हणाला, "त्याचे डोळे बांधा ना." शेवटी ठरलं, की गाढवाचे डोळे धुण्यातल्या लुगड्याच्या पदराने बांधायचे आणि म्हातारीने त्याच्या कानात गोड बोलत त्याला पुलावरून न्यायचं. पंधरा किंवा वर हवेत, मुकादमने जाहीर केलं. नानाने फासा मुठीत घेतला, मुठीवर फुंकर मारली, आणि...

"जागेवर!" दिग्दर्शक ओरडला. मेणबत्त्या आल्या होत्या.

त्या होत्या नव्याकोऱ्या, वीतभर उंच. चार बोटांपर्यंत जाळायला वेळ कोणाला? "चेहराच दिसणार आहे, लावा तशाच," दिग्दर्शक म्हणाला. पळापळ झाली. झगे अंगावर चढले, कवटी जागेवर आली. मुकादम कॅमेऱ्यामागे धावली. टेबलावरचे कागद उचलायचे राहून गेले. आणि नानाच्या मुठीत फासा तसाच राहिला.

"ॲक्शन!"

नानाने फासा टाकला. टुणटुणत तो कवटीला आपटला, फिरला, थांबला. नाना वाकला. कागदावर लिहिलेलं त्याने आता म्हणायचं होतं, "नाही! नाही!"

"अठरा!" नाना खुर्चीवरून उडाला. "अठरा! गेलं! गेलं माझं गाढव पलीकडे!"

"गेलं!" लोहारीण किंचाळली आणि तिने दाढीवाल्याला मिठी मारली. दाढी तिच्या केसांत अडकली.

"अहो, पण पूल?" दाढीवाला अर्ध्या दाढीने ओरडला. "शिपाई मागून येतील ना! दोर कोण कापणार?"

"मी कापते! हातोडा आहे माझ्याकडे!"

"हातोड्याने दोर कापतात होय, शहाणे?"

"मग तू काय गवताने कापणार?"

नाना हसत होता, डोळे पुसत होता, काळ्या बाहीने. कॅमेरावाल्याने कॅमेरा थांबवला नाही. उलट तो हळूच मागे आला, सगळं टेबल दिसेल असा. मिनिटभराने दिग्दर्शकाला वाचा फुटली.

"कट! गाढव? माझ्या खुनाच्या प्रसंगात गाढव कुठून आलं?"

नानाने चष्मा पुसायला घेतला. दाढीवाला दाढी शोधू लागला. मावशीने वहीत मान घातली, आणि तिचे कान लाल झालेले मुकादमला दिसले.

दोन वर्षांपूर्वीची ती असती तर वायरींच्या ढिगात लपली असती.

"माझं आहे," मुकादम म्हणाली. "गाढव माझं आहे, सर. म्हणजे नानांचं आहे, पण दरी माझी."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"सर, तुमचा खून खूप चांगला असेल," ती एका दमात बोलत सुटली, "पण आमच्या मोठ्या बाई तुमच्या मालिकेवर शाळा चालवतात. तुम्ही सोमवारी आम्हाला वेडे दाखवलंत की मंगळवारी आमचं टेबल जाणार. आत्ता जे झालं ना, तो खरा खेळ आहे. असाच असतो. एवढंच मला सांगायचं होतं."

"शाळेतल्या एका टेबलासाठी मी माझा खून बदलू?"

"खून नका बदलू. खून होण्याआधी त्यांना जरा मजा करू द्या."

दिग्दर्शकाने गोळी कडकन फोडली. मग तो कॅमेरावाल्याकडे वळला. "शॉट आलाय का बरा?"

"दिवसभरात एवढाच बरा आलाय," कॅमेरावाला म्हणाला.

"म्हाताऱ्याला आधी इतकं हसवलं आणि मग मारला..." दिग्दर्शक स्वतःशीच पुटपुटला. "लोकांना लागेल. पण बसतो का हा तुकडा कुठे?"

आता सगळे मावशीकडे बघू लागले. मावशीने पट्टी काढली, टेबलापाशी गेली, मेणबत्त्या मोजल्या.

"यात मेणबत्त्या वीतभर आहेत," ती म्हणाली. "बाकीच्यात चार बोटं. मेणबत्ती जळून लहान होते, मोठी होत नाही. म्हणजे हे सगळ्यांत आधी. मग अंधार, मग चार बोटं, मग खून. बसतं."

"शाब्बास!"

"पण," मावशीने पट्टीचं टोक टेबलावर टेकवलं. "यात नानांना चष्मा आहे. चार पेन्सिली आहेत. आणि हे खोडरबर. सकाळचे शॉट चेहऱ्यांचे होते, त्यांतही चष्मा नाही. ते परत घ्यावे लागतील. आणि आता टेबल दिसेल तिथे तिथे हे खोडरबर इथेच, असंच तिरकं राहणार."

"कवटीशेजारी?"

"कवटीशेजारी."

दिग्दर्शकाने वर छताकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत नाना आणखी अकरा वेळा मेला, आणि दर वेळी मुकादमने अर्धं कुरतडलेलं खोडरबर पट्टीने मोजून कवटीच्या डाव्या गालापासून दोन बोटांवर तिरकं मांडलं.

सोमवारी आठ वाजता मुकादम आईशेजारी सोफ्यावर नखं खात बसली होती. कानाशी फोन, फोनवर वकील. गाढवाचा तुकडा आला आणि गेला. पाऊण मिनिट! आई खो खो हसली. मग मात्र जे व्हायचं तेच झालं. झगे, कवटी, किंकाळ्या, ढोल. नाना गेला.

"संपलं," फोनमधून वकील म्हणाला. "पाऊण मिनिट गाढव, वीस मिनिटं भुतं."

"थांब, अजून खुनी कळलेला नाही."

इन्स्पेक्टर एका खोलीत शिरला. तिथे पियानो होता. पियानोशी नानाचा पुतण्या बसला होता, मुलांना गाणं शिकवणारा, गोड गळ्याचा. त्याने विष पियानोच्या पट्ट्यांखाली लपवलं होतं. खेळणारे बाकीचे दोघंही निर्दोष.

"वाचलो!" मुकादम सोफ्यावर उभी राहिली. "वकिला, वाचलो! गाण्याचा मास्तर!"

पलीकडून वकील म्हणाला, "आपल्या गाण्याच्या वर्गात किती जण आहेत गं?"

बावीस. मंगळवारी सकाळी ते बावीस जण वऱ्हांड्यात उभे होते. पियानोच्या झाकणाला कुलूप. गाण्याच्या बाई, यंदाच लागलेल्या, कागदांची चळत छातीशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. धड रागावताही येत नव्हतं त्यांना.

"चल," वकिलाने मुकादमला कोपराने ढोसलं. "बघू नकोस तिकडे. आपलं टेबल शाबूत आहे. झोपलेल्या सापाच्या शेपटीवर पाय द्यायचा नसतो."

"अरे, पण मी तिथे होते. मला माहितीये हे सगळं कसं बनतं."

"म्हणूनच सांगतोय. तू तोंड उघडलंस तर मोठ्या बाई म्हणतील, अस्सं, तो खेळ तुमचा होय? आणि जाईल मग."

खरंच होतं ते. मुकादमने ग्रंथालयाच्या दाराकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या बाईंकडे पाहिलं. मग ती मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालू लागली.

"बाई, आत येऊ?"

"ये." मोठ्या बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, कालच्या भागात मी होते. म्हणजे दिसले नाही. माझं खोडरबर दिसलं."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. "ते तुझं होतं?"

"हो, बाई."

"अगं, मी शेवटपर्यंत त्याच्यावरच नजर ठेवून होते! प्रत्येक शॉटमध्ये होतं ते. तिरकं. कवटीच्या शेजारी. मला खात्री होती, विष त्यातच आहे म्हणून. आजच्या सूचनेत मी खोडरबरांचंही लिहिणार होते."

मुकादमला हसू दाबताना ठसका लागला. मग तिने सगळं सांगितलं. मेणबत्त्या संपल्या म्हणून आम्ही खेळलो. खेळलो म्हणून खोडरबर टेबलावर राहिलं. एकदा दिसलं म्हणून सगळीकडे ठेवावं लागलं. त्यात कोणाच्या मनात काही नव्हतं, फक्त मावशीच्या वहीत होतं.

"आणि बाई, तो पुतण्या गाणं का शिकवतो माहितीये? मी काल रात्री मावशीला फोन करून विचारलं. आधीच्या कुठल्याशा भागासाठी पियानो भाड्याने आणला होता. तो परत द्यायला चार दिवस होते. लेखक म्हणाला, आहेच तर वापरू. टाइपराइटर असता तर त्याने टायपिंग शिकवलं असतं."

मोठ्या बाईंची नजर एकदा कोपऱ्यातल्या, बुद्धिबळाच्या पटांच्या कपाटाकडे जाऊन आली.

"चार दिवस," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"आणि तो खेळ? झगेवाला? तो कोण खेळतं शाळेत?"

आलं. मुकादम म्हणाली, "आम्ही. दर गुरुवारी. ग्रंथालयात, मागच्या टेबलावर. झगे नाहीत, मेणबत्त्या नाहीत. मी गोष्ट सांगते. तुम्ही बंद करणार असाल तर करा, पण गाण्याचा वर्ग बंद करू नका. ते बावीस आहेत, आम्ही तीनच."

मोठ्या बाईंनी ड्रॉवरमधून पियानोच्या कुलपाची छोटी किल्ली काढली, बोटावर फिरवली. गणितात त्या अशाच थांबायच्या, उत्तर माहीत असूनही.

"हे बघ," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काही इतकी भोळी नाही. मालिका ती मालिका. पण सावध असलेलं बरं. गाणं चालू राहील. तुमचा खेळही चालू राहील. फक्त दोन्ही एकाच खोलीत. त्यांच्यावर तुमची नजर, तुमच्यावर त्यांची."

"एकाच खोलीत, बाई? ते गाताना?"

"का? साक्षीदार नको?"

मुकादमने किल्ली घेतली.

गुरुवारी टेबल उचलून गाण्याच्या खोलीत नेताना वकिलाने तिला जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. "साप सोड, तू वारूळच घरी आणलंस," हे त्यातलं सौम्य. पियानो वाजू लागला. बावीस गळे उघडले. काडीने कानात बोटं घातली. मग नकाशा कशाने काढायचा, म्हणून एक बोट बाहेर काढलं. वकील ओरडत होता, "काय? काय म्हणालीस? दरवाजा आहे की परवाना?"

मुकादमने डोळे मिटले. क्षणभर तिला वाटलं, गेलंच की टेबल, मीच घालवलं. मग तिने ऐकलं. शेवटच्या रांगेतला एक आवाज बाकीच्यांच्या अर्धं पाऊल मागून, फाटक्या चपलेसारखा फरफटत येत होता.

ती उठून टेबलावर वाकली आणि सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणाली, "तुमच्यासमोर गुहा आहे. आतून गाणं ऐकू येतंय!"

काडीचं दुसरं बोटही बाहेर आलं.

"कसलं गाणं?" वकिलाने विचारलं.

"भयानक. ऐका ना, येतंय की! आणि त्यांच्यातला एक जखमी आहे, त्याचा सूर लंगडतोय."

वकिलाने कान दिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तेच हसू पसरलं, जे नियमातली फट दिसल्यावर पसरायचं. "किती जण आहेत आत?"

"बावीस. आणि एक जादूगारीण, तिच्यासमोर काळ्यापांढऱ्या दातांचा प्राणी आहे. ती त्याच्या दातांवर बोटं ठेवते आणि तो किंचाळतो."

पियानो थांबला. गाणं थांबलं. बावीस माना वळल्या.

"ए," शेवटच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला, "लंगडतोय कोणाला म्हणालीस गं?"

"त्यांनी आपल्याला पाहिलंय," काडी कुजबुजली.

"आता काय करता?" मुकादमने विचारलं आणि फासा वकिलापुढे सरकवला.